दगडावरचे डाग : दिसायला सारखे, जातीने वेगळे



कपाशीच्या बोंडात अळी दिसली की ती हिरवी, ठिपक्यांची की गुलाबी, हे आपण आधी पाहतो. ओळख चुकली तर औषधाचा खर्च जातो, फवारणीचे दिवस जातात आणि अळी मात्र बोंडातच राहते. ओळख आधी आणि उपाय नंतर, ही शिस्त आपल्या अंगवळणी पडली आहे. बांधावरच्या, विहिरीच्या कडेच्या आणि माळावरच्या दगडांवर जे करडे, पिवळे, शेंदरी डाग दिसतात, त्यांच्या बाबतीत मात्र आपण ती पाळत नाही. कोणी त्यांना बुरशी म्हणतो, कोणी शेवाळ म्हणतो, तर कोणी सरसकट दगडफूल म्हणून मोकळा होतो. माझ्याकडूनही हीच चूक झाली. म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

चकलांब्याचा अनुभव

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. पाऊस बेताचा, जमीन काळ्या पाषाणाची. बांधावर आणि माळावर धोंड्यांना तोटा नाही. पिकाच्या पाहणीसाठी गेलो असता एका शेतकरी बंधूंनी बांधावरचा करड्या डागांचा दगड दाखवून विचारले, "सर, हे मसाल्यातलं दगडफूलच ना?" घाईत होतो. रंग करडा, कडा लाटेसारख्या, एवढे पाहून "हो, तसलंच आहे" असे सांगून टाकले.

पुढच्या फेरीत त्यांनी अर्धी गोणी माल समोर ठेवला. घरच्या दोन माणसांनी आठवडाभर धोंडे खरवडून तो गोळा केला होता. व्यापाऱ्याने मूठभर हातात घेऊन परत केला. त्यात दगडाचा भुगाच जास्त होता आणि पापुद्रा असा नव्हताच. मजुरी गेली, धोंडे उघडे पडले आणि चूक माझी होती. त्याच दिवशी भिंग लावून पाहिले. ज्याला मी एक समजलो होतो, ते दोन वेगळ्या प्रकारांचे मिश्रण निघाले आणि त्यांपैकी एकही दगडफूल नव्हते. अशी फसगत तुमची होऊ नये, म्हणून हा लेख.

हे डाग म्हणजे नेमके काय?

यांचे शास्त्रीय मराठी नाव शैवाक. शैवाक ही एकटी वनस्पती नव्हे, तो दोघांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी आणि क्षार धरून ठेवते. तिच्या आत राहणारे शेवाळ उन्हावर अन्न तयार करते. ही भागीदारी स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर यांनी १८६७ मध्ये प्रथम मांडली, तेव्हा अनेक जाणकारांनी ती हसण्यावारी नेली होती. आज जगात शैवाकांच्या सुमारे २० हजार जाती ज्ञात असून भारतात त्यांपैकी ३ हजारांच्या आसपास आढळतात.

वाढ फार सावकाश होते. दगडाला घट्ट चिकटलेले प्रकार वर्षाला बहुधा १ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतात. पानासारखे प्रकार वर्षाला काही मिलिमीटर वाढतात. म्हणजे तळहाताएवढा डाग कित्येकदा आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या वयाचा असतो. आठवडाभरात खरवडलेले भरून यायला एक पिढी लागते, हे लक्षात ठेवावे.

पहिली पायरी : ठेवण पाहा

नखाने अलगद उचलून पाहावे. त्यावरून तीन गट पडतात.

१) खपलीसारखे : दगडात मुरल्यासारखे बसलेले. नख आत जात नाही, काढायचे तर दगडाचा टवकाच काढावा लागतो. आपल्याकडील शेंदरी-पिवळे आणि पांढरट गोल डाग बहुतेक याच गटातील.

२) पानासारखे : पसरट पापुद्रा, कडेला पाळ्या. वरची आणि खालची बाजू वेगळी दिसते. मसाल्यातील दगडफूल या गटातले.

३) झुडपासारखे किंवा दाढीसारखे : एका ठिकाणी धरून उभे किंवा लोंबणारे. हे दमट डोंगराळ भागात जास्त. उघड्या, कोरड्या माळावर क्वचितच दिसते.

गट ठरला म्हणजे निम्मे काम झाले. खरी कसोटी एकाच गटातील सख्ख्या भावांसारख्या जाती वेगळ्या करण्यात आहे.

दुसरी पायरी : भिंगाने काय पाहावे?

घड्याळजी किंवा सोनार वापरतात तसले दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. पुढील पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१) पीठ की मोड? अनेक शैवाके तुकड्यांवाटे पसरतात. काहींच्या कडेला किंवा पृष्ठभागावर पिठासारखी भुकटी येते. ती बोटाला लागते. काहींवर त्याऐवजी मोड आलेल्या मटकीसारखे अगदी बारीक उंचवटे येतात. ते बोटाला लागत नाहीत, मोडतात. जात ठरवण्यात या फरकाला फार महत्त्व आहे.

२) कडेला केस आहेत का? काहींच्या पाळ्यांच्या कडेला पापणीसारखे काळे केस असतात, काहींच्या कडा साफ असतात.

३) खालची बाजू : काळी की तपकिरी? मुळांसारखे धागे आहेत की नाहीत? हे धागे खऱ्या मुळांसारखे अन्न घेत नाहीत, ते फक्त धरून ठेवतात.

४) वाट्या : काहींवर बारीक बशीसारखी फळे दिसतात. बशीचा रंग आणि तिची कड पाहावी. कड शैवाकाच्याच रंगाची आहे की बशीच्या रंगाची, हे टिपून ठेवावे.

५) आतला गर : ब्लेडच्या टोकाने वरची साल किंचित खरवडली की आतला कापसासारखा थर दिसतो. तो पांढरा की पिवळसर, हे पाहावे.

एक सावधगिरी. पाऊस पडला की शैवाकाची वरची साल पारदर्शक होते आणि आतले शेवाळ हिरवे दिसू लागते. सकाळी करडा असलेला डाग सरीनंतर हिरवा दिसतो. त्यामुळे एकाच जातीच्या दोन जाती झाल्यासारखे वाटते. ओळख नेहमी कोरड्या नमुन्यावरच करावी.

तिसरी पायरी : थेंबाची परीक्षा

हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे घरोघरी माहीत आहे. शैवाकांची परीक्षा याच धर्तीची आहे. शैवाके आपल्या अंगात काही खास आम्ले आणि रंगद्रव्ये साठवतात. दिसायला सारख्या दोन जातींतील आम्ले पुष्कळदा वेगळी असतात. त्यांवर औषधाचा थेंब पडला की रंग बदलतो किंवा बदलत नाही. विल्यम नायलँडर या शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. आजही शैवाकतज्ज्ञ रानात निघाले की या थेंबाच्या बाटल्या जवळ ठेवतात. शाळेतील प्रयोगशाळेत आम्ल-विम्ल तपासणारा लिटमस कागददेखील मूळचा शैवाकांपासून काढलेल्या रंगाचाच.

साहित्य व कृती

अ) क्षाराचे द्रावण : कॉस्टिक पोटॅश १० ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर. पोटॅश न मिळाल्यास त्याच प्रमाणात कॉस्टिक सोडा चालतो. खताचा पोटॅश येथे अजिबात उपयोगी नाही, तो वेगळा पदार्थ आहे. पाण्यात कॉस्टिक थोडे थोडे सोडावे, कॉस्टिकवर पाणी ओतू नये. द्रावण गरम होते आणि कातडी भाजते. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा, बाटलीवर चिठ्ठी लावावी आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

आ) क्लोरीनचे द्रावण : ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टी.सी.एल. पावडर चमचाभर घेऊन थोड्या पाण्यात ढवळावी व वरची निवळी घ्यावी. ही निवळी दर वेळी ताजी करावी. शिळ्या निवळीतील जोर निघून जातो आणि लाल यायला हवे तेथे काहीच येत नाही. क्लोरीनच्या कोणत्याही द्रावणात आम्ल मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

इ) नोटा तपासायचा जांभळा दिवा : काही शैवाके या दिव्याखाली चमकतात. बाजारात लहान बॅटरीच्या रूपातही तो मिळतो.

परीक्षा दगडावर करू नये. नखाएवढा तुकडा घरी आणून सावलीत वाळवावा. ब्लेडने साल खरवडून आतला पांढरा थर उघडा करावा. काडीच्या टोकाने अगदी लहान थेंब ठेवावा आणि भिंगातून लगेच पाहावे. क्लोरीनचा लाल रंग काही सेकंदांतच उडून जातो. क्षाराचा पिवळा रंग मात्र कधी कधी अर्ध्या-एक मिनिटाने लाल होतो. म्हणून पहिल्या वेळी घाई करू नये आणि दुसऱ्या वेळी धीर सोडू नये.

प्रयोगशाळेत तिसरेही एक रसायन वापरतात. केसांच्या काळ्या कलपात असते तेच ते. ते विषारी असल्याने घरी वापरू नये.

फसवणाऱ्या जोड्या

१) शेंदरी आणि पिवळे : उन्हातल्या दगडावर शेंदरी-नारिंगी खपली दिसली तर ती बहुधा कॅलोप्लाका गटातील असते. अंड्यातील बलकासारख्या पिवळ्या रंगाचा कँडेलॅरिया गट नवख्याला तसाच वाटतो. दोघांवर क्षाराचा थेंब ठेवावा. कॅलोप्लाका क्षणात गर्द जांभळट-लाल होते. कँडेलॅरियावर असा बदल होत नाही, फार तर किंचित लालसर झाक येते. ही परीक्षा सर्वांत सोपी आहे, म्हणून हात बसवायला येथूनच सुरुवात करावी. गंमत अशी की खुद्द कॅलोप्लाका हे एक घर राहिलेले नाही. जनुकांच्या अभ्यासावरून २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची अनेक गटांत वाटणी केली. म्हणजे तज्ज्ञांनाही इतकी वर्षे रंगाने फसवले होते.

२) करडे, घट्ट चिकटलेले : माझी फसगत झाली ती याच जोडीत. डिरिनारिया अप्लनाटा आणि पिक्सिन कोकोज ही दोन्ही करडी, दोन्हींच्या पाळ्या अरुंद, दोन्हींवर पिठाचे ठिपके. झाडाच्या सालीवर आणि दगडावरही ती वाढतात. तुकडा उलटा करून पाहावा. दोन्हींची खालची बाजू काळी असते, पण पिक्सिनला बारीक काळे धागे असतात, डिरिनारियाला नसतात. तुकडा फार चिकटलेला असेल आणि उलटता येत नसेल, तर अंधारात जांभळा दिवा धरावा. पिक्सिन कोकोज पिवळी चमकते, डिरिनारिया अप्लनाटा तशी चमकत नाही. चकलांब्याच्या गोणीतील खपल्या घरी आणून दिव्याखाली धरल्या, तेव्हा काही चमकल्या आणि काही विझलेल्याच राहिल्या.

३) पानासारखी, साफ कडांची : पार्मोट्रेमा ऑस्ट्रोसिनेन्स आणि पार्मोट्रेमा प्रीसोरेडिओसम ही नावे बोजड, पण जोडी मोलाची आहे. दोन्ही करड्या, रुंद पाळ्यांच्या. दोन्हींच्या कडेला पीठ, दोन्हींना केस नाहीत. भिंगानेही खात्री देता येत नाही. आतल्या थरावर क्लोरीनचा थेंब ठेवला की पहिली लाल होते, दुसरी पांढरीच राहते. पहिलीत लेकॅनोरिक आम्ल असते, दुसरीत नसते. डोळ्याला न दिसणारा फरक एका थेंबात दिसतो, तो असा.

याच कुळातील पार्मोट्रेमा टिंक्टोरम ही जातही क्लोरीनने लाल होते, पण तिच्यावर पीठ नसते, मोड असतात. म्हणजे रंग सारखा असला तरी भिंग पुन्हा त्यांना वेगळे करते. थेंब आणि भिंग ही बैलजोडी आहे, एकावर काम भागत नाही.

४) पानासारखी, केसाळ कडांची : पार्मोट्रेमा पर्लेटम आणि पार्मोट्रेमा रेटिक्युलेटम. दोन्हींना केस आहेत, दोन्हींवर पीठ आहे. रेटिक्युलेटमच्या पृष्ठभागावर वाळलेल्या तळ्याच्या गाळासारखी बारीक जाळी दिसते. आतल्या थरावर क्षाराचा थेंब टाकला की ती आधी पिवळी आणि मग लाल होते. पर्लेटम पिवळी होते आणि तेथेच थांबते.

पार्मोट्रेमा आपल्या मोकळ्या माळावर कमी, झाडी आणि ओलावा असलेल्या डोंगरांत जास्त. सह्याद्रीत गेलात तर ही भावकी जवळून पाहावी.

मसाल्यातील दगडफुलाविषयी

काळ्या मसाल्यातील दगडफूल म्हणजे एकच जात नव्हे. बाजारातील मालात पार्मोट्रेमा पर्लेटमसह अनेक पानासारख्या जाती मिसळलेल्या असतात. नावात दगड असला तरी यातील पुष्कळसा माल हिमालयातील आणि दक्षिणेतील डोंगरांवरच्या झाडांच्या सालीवरून येतो. ओळखीची खूण सोपी आहे. खऱ्या दगडफुलाचा पापुद्रा रुंद आणि सुटा असतो, तो हातात अखंड येतो. वरची बाजू करडी, खालची काळी. जे नखाने सुटत नाही आणि खरवडले की दगडाचा भुगा देते, ते दगडफूल नव्हे.

"दगडफुलाला भाव चांगला, तुमच्या माळावर ते आहेच" असे सांगणारा कोणी आल्यास त्याला हा फरक विचारावा. ओळख पटल्याशिवाय रानातले शैवाक मसाल्यात घालू नये. शैवाकांना मुळे नसल्याने ती हवेतून आणि पावसातून जे येईल ते शोषतात. त्यात धूर, धूळ आणि शिशासारखे जड धातूही आले. काही थोड्या जाती स्वतःच विषारी आहेत. वनखात्याच्या जमिनीवरून परवानगीशिवाय काहीच गोळा करू नये.

मोसंबीच्या खोडावर डाग आले तर?

हा प्रश्न गेवराई भागात हमखास येतो. दगडावरचे डाग उडून मोसंबीला रोग लावतील या भीतीने दगडांवर बोर्डो मिश्रण फवारल्याचेही ऐकले आहे. तो खर्च व्यर्थ आहे. शैवाके झाडाच्या सालीवर फक्त बसतात, सालीतून अन्न घेत नाहीत. जुन्या, सावकाश वाढणाऱ्या आणि पाने विरळ झालेल्या झाडावर ऊन पोहोचते, म्हणून तेथे ती जास्त दिसतात. तेव्हा झाड खंगले म्हणून शैवाक आले असते, शैवाक आले म्हणून झाड खंगलेले नसते. कारण शोधायचे तर मुळे, निचरा, अन्नद्रव्ये आणि डिंक्या रोग तपासावा. खोडातून डिंक ओघळत असेल, साल तडकून कुजत असेल, तर तो शैवाकाचा प्रकार नव्हे. त्यावर वेळीच उपाय करावा.

नमुना तज्ज्ञाकडे पाठवताना

१) नखाएवढा किंवा फार तर रुपयाएवढा तुकडा घ्यावा. सबंध डाग काढू नये.
२) वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधावी. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून नमुना कुजतो.
३) पुडीवर गाव, तारीख, दगड की झाडाची साल, ऊन की सावली, एवढे लिहावे.
४) थेंबाची परीक्षा केली असल्यास कोणता थेंब कोठे टाकला आणि रंग काय आला ते लिहावे. "काही झाले नाही" हेही उत्तरच आहे, तेही लिहावे.

महाराष्ट्रात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा मोठा संग्रह आहे. प्रा. पु. गो. पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे या विषयाचा पाया घातला. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतही असाच संग्रह आहे. भारतीय शैवाकशास्त्राचे अध्वर्यू डॉ. डी. डी. अवस्थी यांचे कार्य लखनौतलेच. तेथील पेट्यांमधले नमुनेसुद्धा कोणीतरी असेच कागदाच्या पुडीत बांधून नेलेले आहेत.

शेवटी एवढेच

शैवाकांची आम्ले आणि त्यांचे धागे दगडाला कणाकणाने सैल करतात. त्या कणांत धूळ अडकते, ओल टिकते आणि मग तेथे पहिले गवत रुजते. काही शैवाकांत निळे-हिरवे शेवाळ असते, ते हवेतील नत्रही स्थिर करते. आपल्या काळ्या मातीखालचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. त्याची माती होण्याच्या लांबलचक कामात ऊन, पाऊस आणि इतर सजीवांबरोबर या डागांचाही वाटा आहे. ज्या धोंड्यावर ते आहेत, तेथे ते कोणाचेही नुकसान करत नाहीत.

चकलांब्याच्या त्या शेतकरी बंधूंना मी माझी चूक सांगितली आणि भिंग त्यांच्याकडेच ठेवून आलो. पुढच्या भेटीत त्यांनी विहिरीच्या कडेचा दगड दाखवला आणि विचारले, "सर, हे कोणतं?" मी सांगण्यापूर्वी त्यांनीच तुकडा उलटा करून धागे आहेत का ते पाहिले. तुम्हीही तसेच करावे. नाव नक्की होईपर्यंत खरवडू नये आणि फवारू नये. कोणी घाईत "हो, तसलंच आहे" म्हणाले, मग तो प्राध्यापक का असेना, तर त्याच्या हाती आधी भिंग द्यावे.